कागदाचे पिंपळपान



वैशाख पौर्णिमा जवळ आली की आपल्या विहारात मुलामुलींची गडबड सुरू होते. जुन्या लग्नपत्रिका, वह्यांचे पुठ्ठे, कात्र्या, खळ सगळं जमा होतं. मग शुभेच्छापत्रांवर चिकटवायला कागदाची पिंपळपाने कापली जातात. बघणाऱ्याला हा पोरखेळ वाटेल. पण या पानामागे दोन हजार वर्षांहून मोठा इतिहास आहे. तो मुलांना सांगितला नाही तर कात्री चालेल आणि डोकं बंद राहील.

सिद्धार्थ गौतमाला उरुवेला येथे, म्हणजे आजच्या बुद्धगयेला, पिंपळाखाली बोधी प्राप्त झाली. त्यानंतर कित्येक शतके शिल्पकारांनी तथागतांची मूर्ती घडवली नाही. बुद्ध दाखवायचे तर ते बोधिवृक्ष, चक्र किंवा पाऊल कोरत. सांचीच्या तोरणांवर हे आजही दिसते. तिथे लोक हात जोडून उभे आहेत आणि समोर फक्त झाड आहे. फार लांब जायलाही नको. मळवली स्टेशनला उतरून भाजे आणि कार्ल्याची लेणी बघा. चैत्यगृहाच्या दर्शनी भागावरची ती मोठी कमान. तिला आपल्याकडे पिंपळपानाकृती कमान म्हणतात. ज्या आकारावर आपली पोरं कात्री चालवतात, त्याच आकारावर या सह्याद्रीत छिन्नी चालली आहे.

आता कागदाचे बघू. कागद चीनमध्ये तयार झाला. झाडाची साल, ताग, फाटक्या चिंध्या, मासे पकडायची जुनी जाळी कुटून त्याचा लगदा करीत. गिरणीत काम करणाऱ्याला हे लगेच कळेल: जी चिंधी आपण टाकाऊ म्हणून बाजूला करतो, तिचाच उत्तम हातकागद होतो. या कागदाला दूरवर नेण्यात बौद्ध भिक्खूंचा मोठा वाटा आहे. इ. स. ६१० मध्ये कोरियातून आलेल्या एका भिक्खूने ही विद्या जपानला नेली, अशी तिथल्या जुन्या इतिहासग्रंथात नोंद आहे. तारीख छापलेला जगातला सर्वांत जुना पूर्ण ग्रंथ म्हणजे इ. स. ८६८ चे वज्रच्छेदिका सूत्र. ते वांग चिए नावाच्या माणसाने आपल्या आईवडिलांसाठी, लोकांना फुकट वाटायला तयार करवले. आईबापाच्या नावाने ज्ञान वाटणे, यापेक्षा मोठे शुभेच्छापत्र कोणते?

कागदाची पाने-पाकळ्या करण्याची रीतही बौद्ध देशांत जुनी आहे. जपानच्या विहारांत विधीच्या वेळी कमळाच्या पाकळीच्या आकाराचे रंगीत कागद उधळतात. लोक ते उचलून घरी नेतात आणि जपून ठेवतात. चीनमध्ये कलावंत खऱ्या पिंपळपानाची नुसती जाळी शिल्लक ठेवत आणि तिच्यावर अर्हतांची चित्रे रंगवत. अशी पाने वहीत लावून केलेले संग्रह आजही आहेत.

आणि आपल्या देशात? इ. स. पूर्व तिसऱ्या शतकात संघमित्रा थेरींनी बोधिवृक्षाची फांदी श्रीलंकेत अनुराधपूरला नेली. ते झाड तिथे अजून उभे आहे. इथे मात्र धम्म मागे पडला आणि ज्ञानाच्या झाडावर लोकांनी मुंजा आणून बसवला! संध्याकाळी पिंपळाखाली जाऊ नको, असे पोरांना सांगू लागले. १८७६ मध्ये बुद्धगयेचे जुने झाड पडले. कनिंगहॅम साहेबांनी त्याच्याच वंशाचे रोप तिथे पुन्हा लावले. झाड पडले, पण वंश टिकला.

तसेच धम्माचे झाले. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला बाबासाहेबांनी तो पुन्हा रुजवला. त्याआधी राज्यघटनेची मूळ प्रत हाताने लिहिली गेली. नंदलाल बोस आणि त्यांच्या शिष्यांनी ती सजवली, त्या चित्रांत तथागतही आहेत. १९९० मध्ये बाबासाहेबांना मरणोत्तर भारतरत्न मिळाले. ते पदक नीट पाहा, तेही पिंपळाचेच पान आहे.

म्हणून पान करताना हयगय नको. कागदाची उभी घडी घाला. घडीच्या बाजूने अर्धेच पान काढा आणि कापा, म्हणजे दोन्ही बाजू सारख्या येतात. टोकाची लांब शेपटी विसरू नका. तिच्यावरून पावसाचे पाणी लवकर निथळते, ती पिंपळाची ओळख आहे. शेपटी नसली की ते बदाम होते, बोधिपान नाही. मग पान घडी केलेल्या फडक्यावर ठेवून संपलेल्या बॉलपेनने दाबून शिरा ओढा, आधी मधली, मग बाजूच्या. रंग हिरवाच पाहिजे असे नाही. कोवळे पान तांबूस असते, पिकलेले पिवळे. खरी जाळी हवी तर पान दोन-तीन आठवडे पाण्यात भिजू द्या, मऊ ब्रशने गर काढा आणि वहीत दाबून वाळवा.

एक गोष्ट मात्र स्पष्ट सांगतो. हे पान ताईत नाही. ते दाराला लावल्याने नोकरी लागत नाही की आजार पळत नाही. तसे मानले तर मुंजा गेला आणि दुसरा आला, एवढेच. ते पान विचार करून जाणण्याची खूण आहे. आज मोबाईलवर एका बोटाने शंभर घरांत तयार चित्र जाते आणि संध्याकाळपर्यंत पुसलेही जाते. हाताने केलेले पान मात्र पुस्तकात राहते. त्याच्या मागे मुलाने आपल्या अक्षरात एक ओळ लिहावी: या वर्षी मी काय वाचले, काय शिकलो. मग ती शुभेच्छा खरी.

नमो बुद्धाय! जय भीम!