शोकाच्या घरी आलेला कुत्रा

म्हैसूरच्या कुवेंपुनगरातल्या घरातून पुन्हा एकदा तुमच्याशी बोलतोय. आजचा विषय ऐकून काही जणांच्या कपाळाला आठ्या पडतील. विषय आहे कुत्रा. शिकारीचा नव्हे, पोलिसांचा बॉम्ब हुडकणाराही नव्हे. घरात माणूस गेलं की घरच्यांजवळ येऊन नुसता बसणारा कुत्रा.

सुरुवात लांबून करतो, अमेरिकेतून. १४ डिसेंबर २०१२ रोजी कनेटिकट राज्यातल्या न्यूटाउन गावी एका प्राथमिक शाळेत बंदूकधारी शिरला. वीस मुलं आणि शाळेतली सहा मोठी माणसं गेली. गाव लहान, प्रत्येकाच्या ओळखीचं कुणी ना कुणी गेलेलं. त्या दिवसांत तिथे काही गोल्डन रिट्रीव्हर कुत्रे आले. अंगावर जाकीट, जाकिटावर इंग्रजीत लिहिलेलं: मला कुरवाळा. मुलं त्यांच्या मानेत तोंड खुपसून बसली. मोठी माणसंही बसली.

हे कुत्रे शिकागोजवळच्या लुथरन चर्च चॅरिटीज या संस्थेचे. २००८ च्या फेब्रुवारीत त्याच इलिनॉय राज्यातल्या नॉर्दर्न इलिनॉय विद्यापीठात गोळीबार होऊन पाच विद्यार्थी मारले गेले होते. त्या आघातानंतर, त्याच वर्षी संस्थेने हे काम रीतसर उभं केलं. व्यवस्था साधी आहे. एकेक कुत्रा एकेका चर्चच्या मंडळीकडे राहतो. त्याला सांभाळायला तिथलीच शिकवलेली माणसं असतात, एकाला जमलं नाही तर दुसरा जातो. एरवी तो वृद्धाश्रमात, इस्पितळात, शाळेत जातो. कुठे मोठा आघात झाला आणि तिथल्या लोकांनी बोलावलं, की निघतो. कुत्र्याच्या नावाचं कार्डही असतं, ते मुलांना देतात.

२०१२ साली ही बातमी वाचून मी काय म्हणालो ते कबूल करतो. मी हसलो. आमच्या थोरल्या भावाला, म्हणजे अण्णाला म्हणालो, "बघ, यांच्याकडे शेजारी भेटायला जात नाहीत, म्हणून कुत्रे पाठवावे लागतात. आपल्याकडे ही वेळ येणार नाही." अण्णा काही बोलला नाही. त्याच्या सकाळच्या फेरीत खिशात बिस्किटं असायची, ती गल्लीतल्या कुत्र्यांसाठी.

माझ्या बोलण्यात अगदीच तथ्य नव्हतं असं नाही. आपल्याकडे माणूस गेलं की त्या घरी चूल पेटत नाही. शेजारून पिठलं-भात येतो. लोक येतात, सतरंजीवर बसतात, फारसं बोलत नाहीत, उठून जातात. दहाव्याला पिंडाजवळ सगळे मान वर करून कावळ्याची वाट बघतात. कावळा शिवला की कुठेतरी एक गाठ सुटते. म्हणजे आपल्या शोकात प्राण्याला जागा आहे, पण ती कावळ्याला. कुत्रा दारात आला की आपण "हाड" म्हणतो.

आणि तरी मरणाशी कुत्र्याचं नातं आपल्याकडे फार जुनं. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातल्या यमसूक्तात सरमेचे दोन चार डोळ्यांचे कुत्रे मृताच्या वाटेवर राखणीला आहेत. दत्ताच्या पायाशी चार कुत्रे, खंडोबाच्या घोड्याबरोबर कुत्रा, धर्मराजाच्या शेवटच्या वाटेवर कुत्रा. पारशी मंडळींनी तर त्याला थेट अंत्यविधीतच घेतलं. मृतदेहाला कुत्र्याची नजर लागावी लागते, त्या विधीला सगदीद म्हणतात. म्हणूनच मुंबईत सरकारने बेवारस कुत्रे मारण्याचा सपाटा लावला, तेव्हा ६ जून १८३२ रोजी पारशी रस्त्यावर उतरले, इतर समाजही सामील झाले, बाजार बंद पडले. मुंबईच्या इतिहासात त्याला कुत्र्यांचा दंगा म्हणतात. नाव ऐकून गंमत वाटते, पण त्यामागे आपल्या माणसाला नीट निरोप देता येईल की नाही ही धास्ती होती.

आता माझ्या धंद्याकडे येतो. मी आयुष्यभर इतिहास शिकवला. आमच्या म्हैसूरहून बेंगळुरूकडे जाताना मंड्याच्या पुढे मद्दूर लागतं. त्या तालुक्यात अतकूर नावाचं गाव आहे. तिथे सापडलेला एक कोरीव दगड आज बेंगळुरूच्या सरकारी संग्रहालयात आहे. शक ८७२, म्हणजे इसवी सन ९४९-५० चा. मी दर वर्षी पोरांना तिथे नेत असे आणि सांगत असे: पाहा, हा तक्कोलमच्या लढाईचा पुरावा. राष्ट्रकूट राजा तिसरा कृष्ण आणि त्याचा गंग मांडलिक बूतुग यांनी चोळ राजपुत्र राजादित्याला तिथे मारलं. परीक्षेला येईल, लिहून घ्या.

पण तो दगड लढाईसाठी उभारलेलाच नाही. तो कुत्र्यासाठी आहे. बूतुगाचा मणलेर नावाचा सरदार लढाईत मोठ्या शौर्याने लढला. राजा खूश होऊन म्हणाला, माग काय हवं ते. त्याने गाव मागितलं नाही, सोनं मागितलं नाही. राजाचा काळी नावाचा शिकारी कुत्रा मागितला. पुढे एका डोंगराजवळ त्या काळीला मोठ्या रानडुकरावर सोडलं. दोघं झुंजली आणि दोघंही मेली. मणलेराने अतकूरच्या देवळासमोर दगड उभा केला, त्यावर कुत्र्याची आणि डुकराची झुंज कोरली, पूजेसाठी जमीन लावून दिली. आणि वर अट घातली: ती जमीन खाणारा पुजारी दगडाची पूजा न करता जेवला, तर त्याला पाप लागेल.

तीस-एक वर्षं हा लेख शिकवताना ती शेवटची अट मी कधी मोठ्याने वाचली नाही. परीक्षेला येत नव्हती ना.

महाराष्ट्रातही असा दगड आहे. साताऱ्याजवळ संगम माहुलीला, कृष्णा-वेण्णेच्या काठी, छत्रपती शाहू महाराजांच्या समाधीच्या परिसरात त्यांच्या खंड्या कुत्र्याची समाधी दाखवतात. ग्रँट डफने १८२६ साली मराठ्यांचा इतिहास छापला, त्यात लिहिलंय की वाघाच्या शिकारीत एका कुत्र्याने शाहूंचा जीव वाचवला, म्हणून त्यांनी त्याला जहागिरीची सनद आणि पालखीचा मान दिला. रायगडावरच्या वाघ्याची कथा तुम्हाला ठाऊक आहेच. तिथे मला इतिहासाचा शिक्षक म्हणून स्पष्ट सांगावं लागतं: समकालीन कागदांत वाघ्याचा उल्लेख सापडत नाही, पुतळा विसाव्या शतकातला आहे. त्यावर वाद आहेत, त्यांत मी आज शिरत नाही. एवढंच लक्षात घ्या की ती कथा लोकांच्या मनात घट्ट बसली. एवढा मोठा राजा गेला, तेव्हा एका मुक्या जिवालाही ते सोसलं नसेल, असं लोकांना वाटलं.

अतकूर, माहुली, रायगड, तिन्ही ठिकाणी सूत्र एक: कुत्र्याची निष्ठा आणि त्याच्यासाठी माणसाने केलेला शोक. माणसाच्या शोकात कुत्र्याने काय केलं, हे मात्र कुणी दगडावर कोरलं नाही.

चर्चच्या परंपरेत ते चित्र आहे. लूकच्या शुभवर्तमानात श्रीमंताच्या दाराशी पडलेला लाझर नावाचा भिकारी आहे. त्याच्याकडे कुणी बघत नाही, कुत्रे येऊन त्याचे फोड चाटतात. चौदाव्या शतकातल्या संत रोकची कथा तशीच. प्लेगच्या रोग्यांची सेवा करता करता त्यालाच प्लेग झाला, तो रानात जाऊन पडला, आणि एक कुत्रा रोज त्याला भाकरी आणून द्यायचा. म्हणून त्याच्या मूर्तीत मांडीवर गाठ आणि पायाशी तोंडात भाकरी धरलेला कुत्रा असतो. जुन्या गोव्यात जेझुइटांचं एक महाविद्यालयही त्याच्या नावाचं होतं. साथीत माणसं माणसापासून लांब सरतात, तेव्हा कुत्रा जवळ येतो, एवढीच ती कथा.

डॉक्टरी जगाने हे उशिरा मान्य केलं. न्यूयॉर्कमध्ये बोरिस लेव्हिन्सन नावाचे बालमानसतज्ज्ञ होते. कुणाशी न बोलणारा एक मुलगा त्यांच्या जिंगल्स या कुत्र्याशी खेळू लागला आणि हळूहळू बोलता झाला. त्यावरचा त्यांचा लेख १९६२ साली छापून आला, तेव्हा त्यांची बरीच टिंगल झाली. पुढे २०१९ मध्ये वॉशिंग्टन स्टेट विद्यापीठात २४९ विद्यार्थ्यांवर प्रयोग झाला. दहा मिनिटं कुत्र्या-मांजरांना कुरवाळलेल्या मुलांच्या लाळेत कॉर्टिसॉल, म्हणजे ताणाचं संप्रेरक, कमी आढळलं. आपल्याकडे मुंबई-पुण्यात मिनल कविश्वर यांच्या अॅनिमल एंजल्स फाउंडेशनने कुत्र्यांच्या साथीने उपचारांचं काम उभं केलं. पण माळीणसारख्या दुर्घटना आठवून बघा. ३० जुलै २०१४ ला डोंगर खाली आला, दीडशेवर माणसं गेली. अशा ठिकाणी आपल्याकडे कुत्रा येतो तो ढिगाऱ्याखालच्यांना हुंगायला. मागे राहिलेल्यांजवळ बसायला तो येत नाही.

आता ज्यासाठी हा विषय घेतला ते सांगतो. मे २०२१. अण्णा करोनाने गेला. दवाखान्यातून त्याला परस्पर स्मशानात नेलं. मुलगा परदेशात, विमानं बंद. वहिनी स्वतः बाधित, घरात एकट्या. त्यांचं घर माझ्यापासून दोन गल्ल्यांवर. मी फाटकापाशी डबा ठेवायचो, दहा पावलं मागे सरायचो आणि तिथूनच फोन लावायचो. शेजारीही चांगले, पण सगळे आपापल्या खिडकीत. ना सतरंजी, ना कुणाचं येऊन बसणं. ज्या रीतीचा मला एवढा अभिमान होता, ती एका आठवड्यात नाहीशी झाली.

त्या गल्लीत एक काळा कुत्रा होता. डाव्या कानाला नगरपालिकेची खूण, नसबंदी झालेला. सगळे त्याला करिया म्हणायचे, कन्नडमध्ये काळ्याला म्हणतात तसं. अण्णाच्या बिस्किटांचा तो जुना ऋणकरी. वहिनींना मात्र त्याचा विटाळ. रोज रांगोळी घातली की झाडू घेऊन त्याला हाकलायच्या. मीही कितीदा त्याच्यावर पाणी फेकलंय. अण्णा गेल्याच्या तिसऱ्या दिवशी मी डबा घेऊन गेलो, तर करिया पायरीवर जाळीच्या दाराला पाठ लावून पडलेला आणि आत जमिनीवर वहिनी बसलेल्या. मी हाकलायला हात उचलला. आतून वहिनींनी मान हलवली. नको.

वर्षभराने कधीतरी त्या मला म्हणाल्या, "भाऊजी, राग मानू नका. तुम्ही रोज फोन करायचात, धीर धरा म्हणायचात. तुम्हाला उत्तर द्यावं लागायचं. त्याला काही द्यावं लागत नव्हतं."

राग कसला मानणार? न्यूटाउनच्या मुलांनी कुत्र्याच्या मानेत तोंड का खुपसलं ते मला तेव्हा कळलं. मोठी माणसं येतात ती विचारायला, समजवायला, देवाची इच्छा सांगायला. कुत्र्याला यातलं काहीच येत नाही. आमच्या सतरंजीवर मुकाट बसून जाणाऱ्या आजीबाईंनाही तेच जमायचं. चर्चने कुत्र्याला शिकवून जे परत आणलं, ते आपल्याकडच्या भेटायला येणाऱ्यांकडे होतं. आता तेही विरळ होत चाललंय, दहा दिवसांचं सुतक आपण संध्याकाळच्या एका शोकसभेत उरकतो.

म्हणजे उद्यापासून शोकाच्या घरी कुत्रे न्या, असं मी म्हणत नाही. अनेकांना कुत्र्याची भीती वाटते, आणि रेबीज असलेल्या देशात ती उगीच नाही. ते अमेरिकन कार्यकर्तेही कुत्रा कुणाच्या अंगावर सोडत नाहीत, जवळ येऊ का हे आधी विचारतात. कुत्राही थकतो, माणसांचं रडणं त्यालाही जड जातं, म्हणून त्याला वेळेवर विश्रांती द्यावी लागते. बसणारा माणूस असो की प्राणी, त्याचीही काळजी घ्यावी लागते.

करिया मागच्या पावसाळ्यात गेला. गल्लीतल्या पोरांनी बागेतल्या होंगेच्या झाडाखाली खड्डा केला. वर दगडबिगड काही नाही. पण आधीची तीन वर्षं वहिनींचा एक नेम होता. दहीभाताचा पहिला घास पायरीवर ठेवायचा आणि करियाने तोंड लावल्याशिवाय आपण जेवायचं नाही. अतकूरच्या लेखातली ती अट मी त्यांना कधी सांगितली नव्हती. सांगितली ती परवा, हा भाग तयार करताना. त्या म्हणाल्या, "त्यात लिहून ठेवण्यासारखं काय आहे?"

असो. पुढच्या भागात भेटू. तोवर कुणाच्या घरी भेटायला जायचं राहिलं असेल, तर जाऊन या. बोलायला काही सुचलं नाही तर नुसते बसा. नमस्कार.