चाकण

चाकण हे महाराष्ट्र राज्याच्या पुणे जिल्ह्यातील खेड तालुक्यातले एक शहर आहे. पुण्याच्या उत्तरेस सुमारे ३० किलोमीटर अंतरावर, पुणे–नाशिक महामार्गावर ते वसले आहे. मोटारनिर्मितीचे केंद्र, कांद्याची बाजारपेठ आणि संग्रामदुर्ग हा भुईकोट किल्ला या तीन कारणांनी चाकण ओळखले जाते. २०११ च्या जनगणनेनुसार येथील लोकसंख्या ४१,११३ होती. त्या वेळी ग्रामपंचायत असलेल्या या गावात पुढे नगरपरिषद स्थापन झाली.

पिंपरी-चिंचवड शहराला लागून असलेल्या औद्योगिक पट्ट्यामुळे चाकणचे नाव सर्वत्र झाले. मात्र महामार्गावरून जाणाऱ्या बहुसंख्य प्रवाशांना या गावाच्या मध्यभागी मध्ययुगीन किल्ला आणि प्राचीन शिवमंदिर आहे, याची कल्पना नसते. ही दोन्ही स्थळे मूळ गावठाणाच्या परिसरात असून पायी फिरून पाहता येतात.

नाव

चाकण हे नाव 'चक्र' या शब्दाशी जोडले जाते. स्थानिक आख्यायिकेनुसार राजा दशरथाच्या रथाचे चाक या ठिकाणी निखळून पडले. त्यावरून येथील महादेवास चक्रेश्वर आणि गावास चाकण हे नाव मिळाले. या आख्यायिकेस ऐतिहासिक आधार नाही. तथापि गावाच्या ओळखीत तिला मानाचे स्थान आहे. १६६० मध्ये मोगलांनी किल्ला घेतल्यावर त्याचे नाव 'इस्लामाबाद' असे ठेवले, परंतु ते लोकांच्या तोंडी रुजले नाही.

भौगोलिक स्थान

चाकण भीमा नदीच्या खोऱ्यात, दक्षिणेस इंद्रायणी आणि उत्तरेस भामा या नद्यांच्या दरम्यान आहे. गावाच्या भोवतालचा प्रदेश बराचसा सपाट आहे. पश्चिमेकडे गेल्यास टेकड्या लागतात व त्यापलीकडे सह्याद्रीची मुख्य रांग येते.

गावाचे महत्त्व मुख्यतः वाटांमुळे आहे. पुण्याहून जुन्नरकडे जाणारी जुनी वाट येथूनच जात असे. जुन्नरहून नाणेघाटाने कोकणात उतरता येई. अहमदनगरकडून पुण्याकडे येणाऱ्या रसदीच्या मार्गाच्या दृष्टीनेही हे ठाणे मोक्याचे होते. आजही पुणे–नाशिक महामार्ग आणि तळेगाव–चाकण–शिक्रापूर रस्ता येथेच एकमेकांना छेदतात. सुलतानांच्या फौजा, कांद्याच्या गाड्या आणि मोटारींचे सुटे भाग वाहणारे कंटेनर या सर्वांना चाकणला आणणारे कारण एकच आहे.

इतिहास

चाकणच्या आरंभीच्या इतिहासाविषयी दंतकथाच अधिक आढळतात. ग्रँट डफ या इतिहासकाराने नोंदवलेल्या एका समजुतीनुसार किल्ल्याबाहेरील जुनी मातीची तटबंदी एका हबशी पाळेगाराने १२९५ मध्ये उभारली. हबशी म्हणजे आफ्रिकेतील अबिसिनिया, आजचा इथिओपिया, व त्या परिसरातून आलेले लोक. दख्खनच्या राजकारणात हबशी सरदारांचा प्रभाव ठळकपणे दिसतो तो त्यानंतरच्या शतकांत. त्यामुळे ही समजूत सावधपणेच स्वीकारावी लागते.

बहमनी व निजामशाही काळ

पंधराव्या शतकाच्या मध्यास बहमनी सुलतान दुसरा अलाउद्दीन अहमदशहा याचा सरदार मलिक-उत्-तुज्जार खलफ हसन याने चाकणला तळ ठेवून कोकणावर स्वारी केली. शिर्के नावाच्या स्थानिक सरदाराने त्याला खेळणा, म्हणजे आजचा विशाळगड, जिंकून देण्याच्या मिषाने दाट जंगलात नेले. तेथे अचानक झालेल्या हल्ल्यात मलिक-उत्-तुज्जार मारला गेला. वाचलेले सैनिक चाकणच्या आश्रयास परतले. त्यांत इराण, अरबस्तान आदी प्रदेशांतून आलेल्या 'आफाकी', म्हणजे परदेशी, सैनिकांचा मोठा भरणा होता. दरबारातील त्यांच्या विरोधी दख्खनी गटाने ते फितूर झाल्याचे सुलतानाला कळवले. त्यानंतर किल्ल्यास वेढा पडला आणि अभयवचन देऊन बाहेर काढलेल्या या लोकांची कत्तल करण्यात आली. फिरिश्ता या इतिहासकाराने हा प्रसंग विस्ताराने लिहिला आहे. बहमनी राज्याला पोखरणाऱ्या दख्खनी–आफाकी वैराचे हे एक भीषण उदाहरण होय.

पुढे निजामशाहीचा संस्थापक मलिक अहमद याने येथील ठाणेदार झैनुद्दीन याचा पराभव करून चाकण घेतले. सोळाव्या शतकाच्या अखेरीस पुणे व सुपे या परगण्यांबरोबर शिवनेरी व चाकण हे किल्ले मालोजी भोसले यांच्याकडे आले, असे मानले जाते.

१६६० चा वेढा

शहाजीराजांच्या काळापासून चाकणची किल्लेदारी फिरंगोजी नरसाळा यांच्याकडे होती. शिवाजी महाराजांनी स्वराज्याचा विस्तार आरंभला तेव्हा फिरंगोजींनी त्यांचा पक्ष घेतला. महाराजांनी त्यांना त्याच पदावर कायम ठेवले.

औरंगजेबाने दख्खनचा सुभेदार म्हणून पाठवलेला शायिस्ताखान मे १६६० मध्ये पुण्यास पोहोचला. अहमदनगरहून येणाऱ्या रसदीची वाट सुरक्षित व्हावी यासाठी त्याला चाकण हवे होते. २१ जून १६६० रोजी त्याने किल्ल्यास वेढा घातला. या वेळी शिवाजी महाराज पन्हाळगडावर सिद्दी जौहरच्या वेढ्यात अडकलेले असल्याने चाकणला कुमक मिळण्याची आशा नव्हती.

मोगलांनी किल्ल्याच्या चारही बाजूंस मोर्चे लावले आणि मातीचे उंच दमदमे रचून त्यांवर तोफा चढवल्या. भर पावसाळ्यातही आतील शिबंदी सतत गोळीबार करून त्यांना रोखून धरत होती. अखेरीस खानाने आपल्या मोर्च्यापासून ईशान्य कोपऱ्यातील बुरुजापर्यंत जमिनीखालून भुयार खणवले. १४ ऑगस्ट रोजी दुपारी त्यात भरलेली दारू उडवण्यात आली आणि बुरुज त्यावरील लढवय्यांसह उद्ध्वस्त झाला. तथापि पडलेल्या खिंडारातून मोगल धावून गेले तेव्हा मराठ्यांनी आतल्या बाजूस मातीचा दुसरा बांध उभारून ठेवल्याचे त्यांना आढळले. लढाई रात्रीपर्यंत चालली. दुसऱ्या दिवशी मोगल आत शिरले. शिबंदीने आतील गढीचा आश्रय घेतला आणि नंतर राव भावसिंह हाडा याच्या मध्यस्थीने किल्ला स्वाधीन केला.

या वेढ्यात मोगलांचे २६८ सैनिक ठार आणि ६०० जखमी झाले. शायिस्ताखानाने फिरंगोजींना बादशाही चाकरी देऊ केली, परंतु ती नाकारून ते शिवाजी महाराजांकडे परतले. पुढे १६७९ मध्ये दिलेरखानाने भूपाळगडावर हल्ला केला, तेव्हा त्या गडाचे किल्लेदार फिरंगोजीच होते.

चाकणचा वेढा एवढ्यावरच महत्त्वाचा ठरत नाही. मोकळ्या मैदानावरील एका लहान भुईकोटासाठी प्रबळ फौजेला जवळजवळ आठ आठवडे आणि शेकडो माणसे खर्ची घालावी लागली. त्यामुळे सह्याद्रीतील गिरिदुर्ग घेण्यास काय पडेल, याचा अंदाज मोगलांना आला. त्यानंतर खानाचा मुक्काम पुण्यातील लाल महालात राहिला. तेथेच ५ एप्रिल १६६३ रोजी रात्री शिवाजी महाराजांनी त्याच्यावर छापा घातला.

ब्रिटिश काळ

तिसऱ्या इंग्रज–मराठा युद्धात फेब्रुवारी १८१८ मध्ये लेफ्टनंट कर्नल डीकन याच्या फौजेने चाकणचा किल्ला पेशव्यांच्या शिबंदीकडून जिंकून घेतला. त्यानंतर किल्ल्याचे लष्करी महत्त्व संपले.

प्रेक्षणीय स्थळे

संग्रामदुर्ग

संग्रामदुर्ग हा साधारणपणे चौकोनी आकाराचा भुईकोट आहे. गिरिदुर्गाला मिळणारे डोंगराचे नैसर्गिक संरक्षण भुईकोटास नसते. त्याची सारी भिस्त तट, बुरुज आणि खंदक यांवर असते. चाकणच्या किल्ल्यास पूर्वी उंच तट, कोपऱ्यांवर बुरुज आणि भोवती खोल खंदक होता. प्रवेश केवळ पूर्वेकडून, एकामागून एक असलेल्या दरवाजांतून होत असे. आज त्यांपैकी दरवाजाचा भाग, काही बुरुज आणि तटाचे तुटक अवशेष उरले आहेत. किल्ल्याच्या आवारात दामोदर विष्णूचे मंदिर आहे. वस्ती थेट अवशेषांना भिडलेली असल्यामुळे मूळ विस्ताराची कल्पना येण्यासाठी तटाच्या बाहेरून फेरी मारणे उपयुक्त ठरते. ईशान्य कोपरा पाहताना १६६० च्या वेढ्याचा नकाशा जवळ असल्यास लढाईचा क्रम सहज उलगडतो.

चक्रेश्वर मंदिर

हे गावाचे ग्रामदैवत म्हणता येईल असे शिवस्थान आहे. परिसरात जुनी शिल्पे ठेवलेली असून त्यांत विष्णूच्या वराह अवताराची भग्न मूर्ती अभ्यासकांचे लक्ष वेधून घेते. महाशिवरात्रीस व श्रावणी सोमवारी येथे भाविकांची गर्दी असते.

आठवडे बाजार

दर शनिवारी चाकणला आठवडे बाजार भरतो. खेड कृषी उत्पन्न बाजार समितीच्या महात्मा फुले बाजार आवारात कांदा, बटाटा, मिरची व भाजीपाल्याची मोठी उलाढाल होते. जनावरांचा बाजारही प्रसिद्ध आहे. कारखान्यांच्या पलीकडचे चाकण पाहू इच्छिणाऱ्या प्रवाशाने शनिवारची सकाळ निवडावी, कारण त्या दिवशी खेड तालुक्यातील शेतकरी आणि वाड्यावस्त्यांवरील लोक येथे एकत्र येतात.

परिसरातील स्थळे

चाकणच्या पश्चिमेस शिंदे-वासुली गावांजवळ भामचंद्र डोंगर आहे. येथील लेण्यांत संत तुकारामांनी चिंतन केले, अशी वारकरी संप्रदायाची श्रद्धा आहे. दक्षिणेकडे आळंदी येथे संत ज्ञानेश्वरांची समाधी असून नैर्ऋत्येस तुकारामांचे देहू आहे. तळेगाव रस्त्यावर इंद्रायणीकाठी सरदार दाभाडे यांचा इंदुरीचा भुईकोट आहे. उत्तरेस राजगुरुनगर येथे हुतात्मा राजगुरूंचा वाडा व दिलावरखानाची कबर पाहता येते. भामा नदीवरील भामा आसखेड धरण चाकणच्या वायव्येस आहे.

अर्थव्यवस्था

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात पिंपरी-चिंचवड परिसरात कारखानदारी वाढली. तेथील जागा अपुरी पडू लागल्यावर महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाने चाकणच्या परिसरात टप्प्याटप्प्याने जमीन संपादित केली. बजाज ऑटोचा चाकण येथील कारखाना १९९९ मध्ये सुरू झाला. २००९ मध्ये फोक्सवॅगन व मर्सिडीज-बेंझ यांचे कारखाने येथे कार्यरत झाले. पाठोपाठ महिंद्रचा कारखाना उभा राहिला. महाळुंगे, निघोजे, खराबवाडी, नाणेकरवाडी, सावरदरी ही एकेकाळची शेतीप्रधान गावे आता या औद्योगिक पट्ट्याचा भाग आहेत.

या बदलामुळे गावाची भाषा आणि अन्नही बदलले. उत्तर भारत, ओडिशा, मराठवाडा, विदर्भ अशा अनेक भागांतून कामगार येथे आले आहेत. भाड्याच्या खोल्या हे अनेक स्थानिक कुटुंबांच्या उत्पन्नाचे साधन झाले आहे. चौकात मिसळ आणि वडापावच्या गाड्यांशेजारी लिट्टी-चोखाही मिळतो.

प्रवास

चाकणला रेल्वे स्थानक नाही. मुंबई–पुणे मार्गावरील तळेगाव दाभाडे हे स्थानक पश्चिमेस आहे. पुण्याहून येताना नाशिक फाटा, भोसरी, मोशी, चिंबळी, कुरुळी असा रस्ता आहे. भोसरीहून पीएमपीएमएलच्या बस मिळतात. राज्य परिवहन महामंडळाच्या नाशिक, नारायणगाव व राजगुरुनगरकडे जाणाऱ्या अनेक गाड्या चाकणला थांबतात.

तळेगाव चौक व आंबेठाण चौक येथील वाहतूक कोंडी सर्वपरिचित आहे. कारखान्यांच्या पाळ्या बदलण्याच्या वेळी ती अधिक तीव्र होते. त्यामुळे गावठाण सकाळी लवकर पाहणे सोयीचे ठरते. पावसाळ्यात भोवतालचा परिसर हिरवागार असतो, परंतु किल्ल्याचे अवशेष निसरडे होतात. अवशेष नीट न्याहाळण्यासाठी नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ उत्तम आहे. कारखाने पूर्वपरवानगीशिवाय पाहता येत नाहीत.

संवर्धन

गिरिदुर्गांचे अवशेष त्यांच्या दुर्गमतेमुळे काही प्रमाणात टिकून राहिले. संग्रामदुर्गाला तशी संधी मिळाली नाही. वाढत्या गावाच्या पोटातच तो असल्याने तटाचे दगड, खंदकाची जागा आणि आतील मोकळे मैदान या सर्वांवर वस्तीचा ताण पडला. दुर्गप्रेमी आणि इतिहास अभ्यासकांनी स्वच्छता मोहिमा, माहितीफलक व व्याख्याने यांद्वारे किल्ल्याकडे लक्ष वेधले आहे. मात्र जमिनीच्या किमती सातत्याने वाढणाऱ्या शहरात खंदकाचा जो भाग एकदा बुजतो, तो पुन्हा मोकळा होणे कठीण असते. म्हणून उरलेल्या अवशेषांची मोजणी, सीमा निश्चित करणे आणि त्यांची नोंद ठेवणे ही येथील संवर्धनाची पहिली गरज आहे. १६६० च्या वेढ्याचा अभ्यास करू इच्छिणाऱ्या विद्यार्थ्यांना रणभूमी प्रत्यक्ष पाहता येईल की केवळ पुस्तकात वाचावी लागेल, हे त्यावर अवलंबून आहे.