वळूचं नाव काय?

शर्यत जिंकली की बैल गाजतो, मालक गाजतो, छकड्यावरचा ड्रायव्हरसुद्धा गाजतो. कल्याणकडच्या मथुर बैलाचं नाव तर शेंबड्या पोरालाही पाठ आहे. पण असे बैल ज्या वळूच्या पोटी जन्मतात, तो कुठल्याच बॅनरवर दिसत नाही. मुरबाड भागात पशुधन पर्यवेक्षक म्हणून नोकरी केल्यामुळे असेल, मला हे फार खटकतं.

ठाणे-नाशिकच्या पावसाळी डोंगरपट्ट्यातला आपला बैल म्हणजे डांगी. काळा-पांढरा, अंगावर तेलकट तकाकी. धुवाधार पावसात चिखलणी करावी तर त्यानंच. शर्यतीला मात्र त्याचा उपयोग नाही. पळणारा खिल्लार माणदेशाचा, सातारा-सांगली-सोलापूरच्या कोरड्या माळावरचा. घाट उतरून तो आमच्याकडे यायचा बाजारातूनच. मुरबाडजवळ म्हसा इथे पौष पौर्णिमेला यात्रा भरते, तिथला बैलबाजार नावाजलेला. खोंड पारखायची रीत ठरलेली. आधी ओठ उचलून दात बघायचे, आदत आहे की दुसा. मग खूर काळे नि घट्ट आहेत का, चिमटीत धरलेली कातडी अंगाला चिकटून आहे का, आणि शेवटी भोवरे. वळूची चौकशी झालीच तर ‘चांगल्या वळूचा आहे’ एवढ्यावर भागायचं.

नांगराचा बैल तर खच्ची करायचाच. पूर्वी बडवत, पुढे बर्डिझोचा चिमटा आला. असा बैल कितीही पळाला तरी त्याचा वंश त्याच्यापाशीच थांबला. १९३३च्या मुंबई पशुधन सुधारणा कायद्यानं वळू पाळायलाही परवाना लावला. हेतू वाईट नव्हता. मग १९६७ साली मणिभाई देसाईंनी उरुळीकांचनला बाएफ ही संस्था काढली आणि संकरित गाईंचं युग आलं. उणे १९६ अंशांच्या नायट्रोजनमध्ये बुडवलेल्या जर्सी-होल्स्टिनच्या वीर्याच्या कांड्या मीही गोठ्यागोठ्यात नेल्या आहेत. दूध वाढलं, नाकारण्यात अर्थ नाही. पण गंमत बघा, परदेशी वळूचा नंबर त्या बारीक कांडीवर छापलेला असायचा आणि गावच्या वळूची साधी वहीतसुद्धा नोंद नसायची.

त्यात ७ मे २०१४ला सर्वोच्च न्यायालयानं शर्यती बंद केल्या. पळवायचाच नाही तर खोंड पोसायचा कशाला? ज्यांनी गोठे राखले त्यांनी निव्वळ हौसेपोटी राखले. १६ डिसेंबर २०२१ला अटींसह परवानगी मिळाली, १८ मे २०२३ला घटनापीठानंही राज्याचा कायदा उचलून धरला, आणि खिल्लार खोंडांची चौकशी पुन्हा सुरू झाली. शर्यतीचे बरेच खोंड खच्ची करत नाहीत, म्हणजे आता नामी बैलाचा वंश पुढे चालू शकतो. नोंदीची खरी गरज आत्ताच आहे.

इंग्लंडात ग्रेहाउंड कुत्र्यांची वंशावळ १८८२पासून छापली जाते. आपल्याच महालक्ष्मीला पळणाऱ्या घोड्याचे आजे-पणजे कागदावर सापडतात. शर्यतीच्या कुत्र्याला बापाचं नाव असावं आणि लाखांत विकल्या जाणाऱ्या खिल्लाराला नसावं, हे मला पटत नाही.

तेव्हा यंदा म्हसा यात्रेत खोंड घेणार असाल तर गाय कुणाची, वळू कोणता, गाय फळवली कधी, हे वहीत लिहून खाली विकणाऱ्याची सही घ्या. कानात बारा आकडी बिल्ला असेल, तर तो नंबरही उतरवून ठेवा.