कादंबरीकारास लिहिलेलें पत्र

ऐतिहासिक कादंबरीचा वाचक हा इतर कादंबऱ्यांच्या वाचकाहून थोडा निराळा असतो. सामाजिक कादंबरी वाचून तो हसतो, रडतो आणि पुस्तक कपाटांत ठेवून देतो. ऐतिहासिक कादंबरी मिटल्यावर मात्र पुष्कळदां तो लेखणी हातांत घेतो. कादंबरींतला गड त्यानें पायांखालीं घातलेला असतो, एखादा सरदार त्याच्या कुळाचा मूळपुरुष असतो, किंवा ज्या गांवावर छापा पडला तें त्याचेंच गांव असतें. असा वाचक कादंबरीकारास पत्र लिहितो. 'हें खरें काय?' एवढाच बहुधा त्या पत्राचा प्रश्न असतो.

भिवंडीच्या वाचकाला हा प्रश्न विचारण्यास चांगलें कारण आहे. 'कल्याण-भिवंडी' हा जोडशब्द मराठी माणसाच्या कानांवर लहानपणापासून पडतो, पण कथेंत येतें तें बहुधा एकटें कल्याण, आणि कल्याण आलें कीं त्याच्या मागोमाग सुभेदाराची सून येते. आबाजी सोनदेव खजिना लुटतो, त्या रूपवतीला महाराजांपुढें उभी करतो, आणि महाराज तिला साडीचोळी देऊन सन्मानानें परत पाठवितात. कथा रम्य आहे. महाराजांच्या स्वभावास शोभणारीहि आहे. परंतु समकालीन कागदांत तिला आधार सांपडत नाहीं. ती आली उत्तरकालीन बखरींतून. ग्रँट डफनें आपल्या १८२६ सालच्या इतिहासांत कल्याण घेतल्याची हकीकत १६४८ सालाखालीं घालून तिचें श्रेय आबाजी सोनदेवास दिलें. पुढील संशोधनानें ती घटना २४ ऑक्टोबर १६५७ या दिवसाची ठरली; कल्याण घेतलें तें दादाजी बापूजीनें व भिवंडी घेतली ती सखो कृष्ण लोहोकरे यानें.

नऊ वर्षांचा फरक म्हणजे पंडितांचा काथ्याकूट, असें कोणी म्हणेल. पण कादंबरीकाराच्या दृष्टीनें त्यांत सर्व कांहीं आलें. १६४८ सालीं महाराज अवघे अठरा वर्षांचे. तेव्हां कल्याणचा छापा हें तरुण वयांतलें साहस ठरतें. १६५७ सालीं ते सत्तावीस वर्षांचे आहेत, जावळी वर्षापूर्वींच हातीं आलेली आहे, विजापूरचा मोहंमद आदिलशहा वारलेला आहे, आणि दिल्लीस शहाजहान आजारी पडल्यामुळें औरंगजेबाचें सारें लक्ष उत्तरेकडे लागलें आहे. अशा वेळीं बोरघाटाखालीं उतरून खाडीवरचीं दोन शहरें घेणें याला साहस म्हणतां येत नाहीं. तो राज्यकर्त्याचा हिशेब आहे. तारीख बदलली कीं नायक बदलतो.

हरि नारायण आपटे यांच्या वाचकाजवळ असला प्रश्न विचारण्याचें साधनच नव्हतें. 'करमणूक' हें साप्ताहिक १८९० सालीं निघालें व 'उषःकाल' त्यांत क्रमशः प्रसिद्ध झाली. वाचकानें पुढील अंकाची वाट पहावी, घरांत चारचौघांत तो अंक मोठ्यानें वाचला जावा, असा तो काळ. पण राजवाड्यांचा साधनांचा पहिला खंड बाहेर पडला तो १८९८ सालीं. पुण्याचें भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापन झालें १९१० त. जेधे शकावली टिळकांनी पुढें आणली १९१६ त. तंजावरास मिळालेलें 'शिवभारत' दिवेकरांनी छापलें १९२७ त. म्हणजे हरिभाऊंच्या हातीं बखरी होत्या, ग्रँट डफ होता आणि स्वतःची प्रतिभा होती. त्यांच्या चुका काढणें आज सोपें आहे. आणि तेवढ्यावरच थांबणाऱ्या टीकाकारांचा तुटवडाहि नाहीं.

कादंबरीकाराला जाणत्या वाचकाची भीति वाटते ही गोष्ट जुनी आहे. सर वॉल्टर स्कॉट यानें १८१९ च्या अखेरीस 'आयव्हॅन्हो' प्रसिद्ध केली तेव्हां आरंभीं एक अर्पणपत्र घातलें. तें ज्यास लिहिलें तो डॉक्टर ड्रायॲजडस्ट, म्हणजे धुळीइतका रुक्ष असा पुराणवस्तुपंडित, स्कॉटनें स्वतःच निर्माण केला होता. आणि पत्र लिहिणारा टेंपल्टनहि तितकाच काल्पनिक. जुना काळ आजच्या वाचकास समजेल अशा भाषेंत मांडणें कसें रास्त आहे, याची वकिली त्या पत्रांत आहे. आक्षेप घेणारा आपणच उभा करावयाचा आणि आपणच त्यास उत्तर द्यावयाचें, अशी ही मोठी सोयीची युक्ति!

मराठींत ही गोष्ट उलट बाजूनें, आणि अधिक धीटपणानें, घडली. 'स्वामी' १९६२ सालीं प्रसिद्ध होऊन तिला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाल्यावर कोवाडच्या रणजित देसाई यांनी शिवचरित्राला हात घातला. १९६८ सालीं 'श्रीमान योगी' बाहेर आली, तेव्हां तिच्या आरंभीं प्रस्तावना म्हणून छापलें गेलें तें नांदेडच्या नरहर कुरुंदकरांनी देसाईंना लिहिलेलें प्रदीर्घ पत्र. ही व्यक्ति काल्पनिक नव्हती व स्तुतिपाठकहि नव्हती. निजामी राज्यांत वाढलेला, पस्तिशीच्या आसपासचा हा अध्यापक. वाचन अफाट आणि बुद्धि कोणाचीहि भीड न धरणारी. कादंबरीच्या दारांतच अशा माणसाला बसविणें, म्हणजे आंत येणाऱ्या प्रत्येक वाचकाच्या हातीं आपल्या परीक्षेचें साधन देणें होय. हें धाडस देसाईंनी केलें, याबद्दल त्यांना द्यावें तितकें श्रेय कादंबरीच्या लोकप्रियतेच्या गडबडींत दिलें गेलें नाहीं.

कुरुंदकरांच्या विचाराची जात वेगळी आहे. 'हें खरें काय?' या प्रश्नाशीं ते थांबत नाहींत. अफझलखान, शाइस्ताखान, आग्रा हे प्रसंग कितीहि थरारक असोत, त्यांनी राज्य टिकत नाहीं, अशी त्यांची भूमिका आहे. १६८९ सालीं संभाजी महाराजांचा वध झाला, राजाराम महाराज दूर जिंजीस गेले, १७०० सालीं तेहि वारले. तरी औरंगजेब १७०७ त अहमदनगरजवळ मरण पावेपर्यंत लोक लढत राहिले. डोक्यावर राजा नसतांना माणसें कशासाठीं लढलीं? तें राज्य आपलें आहे असें त्यांस कां वाटलें? शिवचरित्राचें मर्म ते येथें शोधतात. कादंबरी या कसोटीस पूर्णपणें उतरली असें म्हणणें कठीण आहे. तिच्यांत भावनेचे प्रसंग भरघोस आहेत. महसूल, किल्ल्यांची व्यवस्था, बंदरें हीं मागें राहतात. प्रस्तावना वाचून कादंबरीकडे वळणाऱ्याला ती उणीव चटकन् जाणवते, आणि ती जाणीव करून देणारें पत्र त्याच पुस्तकांत असतें.

या दृष्टीनें पाहिलें तर भिवंडीच्या वाचकानें सुनेची कथा खरी कीं खोटी एवढेंच विचारून थांबण्याचें कारण नाहीं. १६५९ सालच्या पोर्तुगीज कागदांत त्याच्या गांवाचें नांव फार वेगळ्या संदर्भांत येतें. शहाजीचा मुलगा वसईजवळच्या प्रदेशांत भिवंडी, कल्याण व पनवेल येथें लढाऊ गलबतें तयार करीत आहे, ही चिंता त्या कागदांत व्यक्त झाली आहे. जहाजबांधणीसाठीं महाराजांनी पोर्तुगीज कारागीरहि ठेविले होते. त्यांचा प्रमुख रुय लैतांव व्हियेगस. वसईच्या अधिकाऱ्यांनी त्यांस फितवून काम सोडावयास लावलें. शहर घेतल्याला दोन वर्षें होतात न होतात तोंच खाडीच्या कांठीं आरमाराचा आरंभ झाला होता.

लांकूड कोणत्या रानांतून आलें असेल? परकी कारागीर एकाएकीं निघून गेल्यावर अर्धवट राहिलेल्या गलबतांपुढें उभे असलेले स्थानिक सुतार, कोळी आणि भंडारी एकमेकांस काय म्हणाले असतील? त्यांनी तें काम शिकून पुढें नेलें, हें महाराजांच्या पुढच्या आरमारावरून उघड आहे. कसें नेलें हें कागद सांगत नाहींत. तेथें कादंबरीकाराचाच अधिकार चालतो. भिवंडीहून त्याच्याकडे जाणारें पत्र या कारागिरांविषयीं असावें.