देशीयकरण : परकीय व्यक्तीस मिळणारे भारतीय नागरिकत्व

देशीयकरण म्हणजे जन्माने वा वंशाने भारतीय नसलेल्या प्रौढ परकीय व्यक्तीस दीर्घ वास्तव्याच्या आधारावर भारताचे नागरिकत्व देणे. नागरिकत्व अधिनियम, १९५५ मध्ये नागरिकत्वाचे पाच मार्ग आहेत : जन्म (कलम ३), वंश (कलम ४), नोंदणी (कलम ५), देशीयकरण (कलम ६) आणि नव्या प्रदेशाचा भारतात समावेश (कलम ७). भारतीय व्यक्तीशी विवाह केलेले किंवा मूळचे भारतीय वंशाचे लोक बहुधा नोंदणीच्या मार्गाने येतात. ज्याचे या देशाशी रक्ताचे वा विवाहाचे नाते नाही, त्याला देशीयकरणाखेरीज वाट नाही. बेकायदा स्थलांतरित ठरलेल्या व्यक्तीस हा मार्ग सर्वसाधारणपणे बंद आहे. या मार्गाच्या अटी बऱ्याच अंशी मोजून, तपासून पाहता येतील अशा आहेत. निर्णय मात्र कारण न सांगता देण्याची मुभा त्याच अधिनियमाने सरकारला दिली आहे. ही विसंगती दूर झाली पाहिजे, आणि तसे करताना राज्याच्या सार्वभौम अधिकाराला धक्का लागत नाही, असे प्रस्तुत नोंदीचे प्रतिपादन आहे.

अटी अधिनियमाच्या तिसऱ्या अनुसूचीत आहेत. अर्जापूर्वीचे सलग बारा महिने भारतात वास्तव्य हवे. त्या बारा महिन्यांच्या आधीच्या चौदा वर्षांत मिळून किमान अकरा वर्षे येथे राहिलेले असावे. १९५५ च्या मूळ कायद्यात हे प्रमाण सात वर्षांत चार होते. १९८६ च्या दुरुस्तीने ते बारा वर्षांत नऊ झाले आणि २००३ च्या दुरुस्तीने आजचे झाले. वर्षे वाढत गेली, पण त्या वर्षांचे मोल ठरवणारी यंत्रणा तशीच राहिली. बारा महिन्यांच्या सलगतेची अट फार काटेकोर होती; परदेशी असलेल्या वृद्ध आईवडिलांच्या आजारपणासाठी जाऊन आलेल्या माणसाचे वर्ष पुन्हा पहिल्यापासून मोजावे लागे. २०१५ च्या दुरुस्तीने विशेष परिस्थितीत तीस दिवसांपर्यंतचा खंड माफ करता येऊ लागला. याखेरीज चारित्र्य चांगले असावे, पुढेही भारतात राहण्याचा इरादा असावा, अर्ज मान्य झाल्यास आधीचे नागरिकत्व सोडण्याची हमी द्यावी आणि संविधानाच्या आठव्या अनुसूचीतील एखादी भाषा पुरेशी यावी, अशा अटी आहेत. हिंदी किंवा इंग्रजी येण्याची सक्ती नाही. पनवेलच्या बाजारात मराठीत व्यवहार करणारा अर्जदार भाषेची अट पुरी करतो. विज्ञान, तत्त्वज्ञान, कला, साहित्य, जागतिक शांतता किंवा मानवी प्रगती यांसाठी विशेष सेवा केलेल्या व्यक्तीस केंद्र सरकार या सर्व वा काही अटींतून सूट देऊ शकते. शेवटी संविधानाशी निष्ठा राखण्याची व नागरिकाची कर्तव्ये पार पाडण्याची शपथ घेतली जाते, आणि प्रमाणपत्र मिळाल्या दिवसापासून ती व्यक्ती भारतीय होते.

प्रत्यक्षात अर्ज कसा फिरतो हे रायगड जिल्ह्यातील खांदा कॉलनीच्या उदाहरणावरून पाहता येईल. नवीन पनवेलच्या पश्चिमेची ही सिडकोची वसाहत २०१६ पासून पनवेल महानगरपालिकेत आहे. अर्ज ऑनलाइन भरला तरी तो जिल्हाधिकाऱ्यांचा, म्हणजे अलिबागचा विषय होतो. तेथून राज्य शासनाकडे आणि पुढे दिल्लीत केंद्रीय गृह मंत्रालयाकडे जातो. चौकशीचे पोलीस मात्र खांदेश्वर ठाण्याचे, आणि ते ठाणे नवी मुंबई पोलीस आयुक्तालयाखाली. महसुली जिल्हा एक, पोलिसांची हद्द दुसरी, आणि दोघांचा अभिप्राय एका फाइलीत यायचा. अर्जदाराला पासपोर्ट, निवासपरवाने, चारित्र्याची साक्ष देणाऱ्या भारतीय नागरिकांची प्रतिज्ञापत्रे, भाषेचे दाखले आणि वृत्तपत्रातील जाहीर सूचनेची कात्रणे जोडावी लागतात. यात सर्वांत अवघड असतो तो वास्तव्याचा पुरावा. अशा वसाहतींत भाड्याची घरे बहुधा अकरा महिन्यांच्या ‘लिव्ह अँड लायसन्स’ करारावर मिळतात. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम ५५ नुसार असा करार लेखी व नोंदणीकृत असणे बंधनकारक आहे आणि नोंदणीची जबाबदारी घरमालकाची आहे. मालकाने ती टाळली तर त्या वर्षाची सलग नोंद दाखवणे भाडेकरूला जड जाते. बारा वर्षांचे आयुष्य असे तेरा-चौदा करारांच्या साखळीवर टांगलेले असते, आणि त्यातली एखादी कडी दुसऱ्याच्या हलगर्जीपणाने निखळलेली असू शकते. कारण सांगण्याची गरज येथून सुरू होते. अर्ज अशा निखळलेल्या कडीमुळे फेटाळला की चारित्र्याबद्दलच्या शंकेमुळे, हे कळल्याशिवाय माणूस काय दुरुस्त करणार?

महाराष्ट्राच्या इतिहासात नागरिकत्व कामाने आणि भाषेने आधीच कमावलेल्या परकीयांची ठळक उदाहरणे आहेत. व्हेरियर एल्विन १९२७ मध्ये पुण्याच्या ख्रिस्त सेवा संघात आले, पुढे मध्य भारतातील आदिवासींत राहिले आणि १९५४ मध्ये भारतीय नागरिक झाले. अमेरिकेतील मिनिआपोलिस येथे जन्मलेल्या गेल ऑम्वेट यांनी पश्चिम भारतातील ब्राह्मणेतर चळवळीवर बर्कली येथे प्रबंध लिहिला, सांगली जिल्ह्यातील कासेगावात घर केले, १९८३ मध्ये भारतीय नागरिकत्व घेतले आणि २५ ऑगस्ट २०२१ रोजी कासेगावातच त्यांचे निधन झाले. फलटणला स्थायिक झालेल्या मॅक्सिन बर्नसन यांनी जाई निंबकर यांच्यासोबत मराठीचे व्याकरण लिहिले, मुलांच्या वाचनशिक्षणाला आयुष्य दिले आणि त्याही भारतीय नागरिक झाल्या. त्यांपैकी कोणाला कोणत्या कलमाने नागरिकत्व मिळाले, हा येथे मुद्दा नाही. वास्तव्य, भाषा, चारित्र्य आणि इरादा या तिसऱ्या अनुसूचीतील गोष्टी तथ्याच्या आहेत, हे त्यांच्या आयुष्यातून दिसते. तथ्ये असतील तर ती पडताळता येतात, आणि पडताळणीचा निष्कर्ष लिहूनही देता येतो.

याउलट, वास्तव्य कितीही लांबले तरी आपोआप नागरिकत्व मिळत नाही. लुई डी रेड्ट हे बेल्जियन धर्मगुरू १९३७ पासून भारतात होते. देश सोडण्याच्या आदेशाविरुद्ध त्यांनी सर्वोच्च न्यायालयात धाव घेतली. १९९१ च्या निकालात न्यायालयाने म्हटले की येथे कायम राहण्याचा निश्चय सिद्ध झालेला नाही. परकीय व्यक्तीस अनुच्छेद २१ चे जीवित व स्वातंत्र्याचे संरक्षण आहे, पण येथे वसण्याचा हक्क नाही. अर्ज आणि त्यावरचा निर्णय यांना पर्याय नाही, हे त्यातून स्पष्ट होते. मग तो निर्णय कसा होतो याचे महत्त्व आणखी वाढते.

अधिनियमाचे कलम १४ म्हणते की नोंदणी वा देशीयकरणाचा अर्ज मान्य करणे किंवा नाकारणे सरकारच्या स्वेच्छाधिकारात आहे आणि त्याची कारणे देण्याचे बंधन नाही. निर्णय अंतिम असेल व त्यावर न्यायालयात प्रश्न उपस्थित करता येणार नाही. संविधानाच्या अनुच्छेद ३२ व २२६ खालील न्यायालयांचा अधिकार साध्या कायद्याने काढता येत नाही, हे एल. चंद्रकुमार खटल्यात (१९९७) ठरलेले आहे. त्यामुळे उच्च न्यायालयाचे दार पुरते बंद नाही. पण फाइलीवर कारणच नसेल तर न्यायाधीशाने तपासायचे काय? कारणाविना दिलेला नकार अर्जदाराइतकाच न्यायालयालाही आंधळा करतो. खालच्या पातळीवर अर्ज अडून राहण्याचा धोका अरुणाचल प्रदेशातील चकमा निर्वासितांच्या प्रकरणात दिसला. त्यांचे अर्ज स्थानिक अधिकारी पुढेच पाठवत नसल्याची तक्रार राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाने सर्वोच्च न्यायालयात नेली. आलेला अर्ज नोंदवून घेऊन केंद्राकडे पाठवलाच पाहिजे, मध्येच अडवण्याचा अधिकार कोणाला नाही, असे न्यायालयाने जानेवारी १९९६ मध्ये बजावले.

निर्णय कोण घेणार यावर किती अवलंबून असते हे खांदा कॉलनीच्या शेजारीच पाहायला मिळते. डिसेंबर २०१६ च्या अधिसूचनेने अफगाणिस्तान, बांगलादेश व पाकिस्तानातून आलेल्या हिंदू, शीख, बौद्ध, जैन, पारशी व ख्रिस्ती अर्जदारांबाबतचा केंद्राचा अधिकार सात राज्यांतील सोळा जिल्ह्यांच्या जिल्हाधिकाऱ्यांना दिला गेला. महाराष्ट्रातून त्यात नागपूर, मुंबई, पुणे व ठाणे हे जिल्हे होते, रायगड नव्हता. बेलापूर ठाणे जिल्ह्यात येते, खांदेश्वर रायगडमध्ये. दोहोंत लोकलने तीन स्थानकांचे अंतर. एकाच देशातून एकाच वर्षी आलेल्या दोन कुटुंबांपैकी एकाच्या अर्जाचा निर्णय जिल्ह्यातच होऊ शकत होता, दुसऱ्याचा नाही. पुढे २०१९ च्या दुरुस्तीने ३१ डिसेंबर २०१४ पर्यंत आलेल्या याच सहा समाजांच्या लोकांसाठी अकरा वर्षांऐवजी पाच वर्षे पुरेशी ठरवली. तिचे नियम ११ मार्च २०२४ रोजी आले आणि तिच्या वैधतेला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिलेले आहे. धर्म आणि वर्षे यांवर देशभर वाद झाला, आणि तो व्हायलाच हवा होता. कलम १४ मात्र त्या चर्चेत बाजूलाच राहिले, आणि ते पडते सर्वच धर्मांच्या अर्जदारांच्या वाट्याला.

पहिला आक्षेप असा घेतला जातो की नागरिकत्व हा परकीयाचा हक्कच नाही. जे द्यायला राज्य बांधलेले नाही, ते न देण्याचे कारण त्याने का सांगावे? हा आक्षेप हक्क आणि वागणूक यांची गल्लत करतो. अनुच्छेद १४ मधील कायद्यापुढील समानता ‘कोणत्याही व्यक्तीस’ आहे, केवळ नागरिकास नाही. सरकारी नोकरी मिळण्याचा हक्क कोणालाही नसतो, तरी भरती मनमानी असू शकत नाही. शिवाय याच अधिनियमाचे कलम १० पाहावे. फसवणुकीने मिळवलेले नागरिकत्व काढून घेण्यापूर्वी सरकारला लेखी नोटीस द्यावी लागते आणि त्यात कारण सांगावे लागते. खोटेपणाचा संशय असलेल्याला कारण कळते, आणि बारा वर्षे सरळ वागून अर्ज करणाऱ्याला ते कळत नाही, हे समर्थनीय नाही.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. गुप्तचर यंत्रणांची माहिती उघड झाली तर देशाच्या सुरक्षेला अपाय होईल, हे काही प्रकरणांत खरेच आहे. पण त्याचे उत्तर भारतीय कायद्यातच तयार आहे. पासपोर्ट अधिनियम, १९६७ नुसार पासपोर्ट नाकारताना अधिकाऱ्याला थोडक्यात कारणे लिहावीच लागतात आणि मागितल्यास प्रत द्यावी लागते. सार्वभौमत्व, सुरक्षा, परराष्ट्रसंबंध किंवा जनहित यांना बाधा येत असेल तेव्हाच प्रत रोखता येते. प्रत रोखली तरी कारण फाइलीवर असते आणि न्यायालय ते मागवू शकते. मनेका गांधी खटला (१९७८) याच अधिनियमाखालच्या, कारण न कळवता पासपोर्ट जप्त करण्याच्या आदेशावरून उभा राहिला, आणि कार्यपद्धती न्याय्य व वाजवी हवी हे तत्त्व त्यातून रुजले. नागरिकाला परदेशी जाऊ देण्याच्या प्रश्नात ही व्यवस्था सुरक्षेला मारक ठरलेली नाही. कामाचा बोजा वाढेल हा तिसरा आक्षेप फारसा टिकत नाही. जिल्हाधिकाऱ्यांचा अहवाल लिहिलेला असतोच, त्यातील निष्कर्षाच्या चार ओळी अर्जदाराला द्यायच्या आहेत.

कारण न देण्याची तरतूद ब्रिटिश कायद्याच्या परंपरेतून आली. खुद्द ब्रिटनमध्ये, नागरिकत्वाचा अर्ज नाकारल्या गेलेल्या फायेद बंधूंच्या प्रकरणात अपील न्यायालयाने १९९६ मध्ये म्हटले की कारण देण्याचे बंधन नसले तरी कोणत्या मुद्द्यावर शंका आहे हे अर्जदाराला आधी कळवले पाहिजे. आणि २००२ च्या कायद्याने ती तरतूदच रद्द झाली. अमेरिकेत अर्ज नाकारलेल्या व्यक्तीला आधी अधिकाऱ्यापुढे सुनावणी आणि नंतर संघीय न्यायालयात नव्याने तपासणी मागता येते. नोंदीवरच्या निर्णयाचे मोल तेथील हिंदी लोकांनी अनुभवले आहे. अहमदाबादेत जन्मलेले वकील सखाराम गणेश पंडित १९१४ मध्ये अमेरिकन नागरिक झाले. भगतसिंग थिंद खटल्यात १९२३ मध्ये हिंदी लोक ‘गोरे’ नाहीत असे ठरल्यावर सरकारने त्यांचेही नागरिकत्व काढू पाहिले. एकदा न्यायालयाने विचारपूर्वक दिलेला निर्णय पुन्हा उकरता येणार नाही, या मुद्द्यावर त्यांनी १९२६ मध्ये अपील जिंकले. पहिला निर्णय न्यायालयाचा आणि नोंदीवरचा होता, म्हणूनच तो त्यांच्या बाजूने उभा राहू शकला.

कलम १४ मधील कारणे न देण्याची मुभा काढून तेथे पासपोर्ट अधिनियमासारखी तरतूद करणे संसदेला एका छोट्या दुरुस्तीने शक्य आहे, आणि ती करावी. तोपर्यंत खांदा कॉलनीतील असो वा अन्यत्रचा, अर्जदाराने प्रत्येक भाडेकरार नोंदणीकृत करून घ्यावा, निवासपरवान्यांच्या प्रती जपाव्यात आणि नकार आल्यास मुदत चुकवू नये : केंद्राखेरीज अन्य प्राधिकाऱ्याने दिलेल्या आदेशाविरुद्ध कलम १५ खाली पुनरीक्षणाचा आणि केंद्राच्या आदेशाविरुद्ध कलम १५अ खाली पुनर्विलोकनाचा अर्ज तीस दिवसांत केंद्र सरकारकडे करता येतो.