एका बाकावरची माणसे

आपल्या जिल्ह्याचा इतिहास सांगू लागलो की आपण वत्सगुल्म नगरीपासून, वाकाटकांपासून सुरुवात करतो. तेथून पुढे मंगरूळपीरचा हजरत हयात कलंदर यांचा दर्गा, कारंज्याचे नृसिंह सरस्वती, शिरपूरचे अंतरिक्ष पार्श्वनाथ, पोहरादेवीचे संत सेवालाल महाराज अशी नामावळी येते, आणि ती यावयासच हवी. परंतु या सर्व ठिकाणी माणसे गेली कशातून, आणि जाताना कोणाच्या शेजारी बसली, हे कोणी लिहून ठेवीत नाही. मोटारस्टँडला इतिहास असतो, असे आपल्याला वाटतच नाही.

वऱ्हाडात आगगाडी आली ती माणसांसाठी नव्हे, कापसासाठी. १८५३ साली निजामाकडून वऱ्हाडचा कारभार इंग्रजांकडे गेला, आणि त्याच वर्षी १६ एप्रिलला मुंबई-ठाणे ही पहिली गाडी धावली. पुढे अमेरिकेतील यादवी युद्धामुळे विलायतेच्या गिरण्यांना तिकडचा कापूस मिळेनासा झाला, तेव्हा वऱ्हाडच्या काळ्या जमिनीला सोन्याचा भाव आला. १८६७ मध्ये रूळ नागपूरला पोहोचले. मार्ग अकोला, मूर्तिजापूर, बडनेरा असा गेला आणि वाशिम सुमारे पन्नास मैल दक्षिणेला राहून गेले. कारंज्याची मोठी कापूसपेठ मात्र विसाव्या शतकाच्या आरंभी मूर्तिजापूर-यवतमाळ या अरुंद रुळांच्या गाडीने जोडली गेली. हीच आपली ‘शकुंतला’. मालकी इंग्रज कंपनीची. १९९४ पर्यंत वाफेचे इंजिन. वेग असा की सायकलस्वाराने मनात आणले तर शर्यत लावावी.

कापसाच्या गाठींबरोबर माणसेही चढली. तिसऱ्या वर्गाच्या डब्यात गर्दी मावेना. तिकीट देणारा जात विचारीत नव्हता, पैसे मोजून घेत होता. जन्मभर ज्याची सावली टाळली त्याच्या मांडीला मांडी लावून बसण्याचा प्रसंग आला. परंतु यावरून आगगाडीने भेदाभेद मोडला असे म्हणणे भोळेपणाचे होईल. याच स्टेशनांवर ‘हिंदू पाणी’, ‘मुसलमान पाणी’ अशा वेगळ्या आरोळ्या स्वातंत्र्यापर्यंत ऐकू येत होत्या. डबा एक, आणि तहान मात्र दोन धर्मांची!

आणि गाडीतून उतरल्यावर काय? १९०१ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकर लहानपणी भावंडांबरोबर वडिलांना भेटण्यासाठी साताऱ्याहून गोरेगावला निघाले होते. आगगाडीने मसूर स्टेशनपर्यंत आणून सोडले, पण पुढे जात कळताच कोणी बैलगाडीवाला त्यांना नेईना. अखेर दुप्पट भाडे ठरले. गाडी मुलांनीच हाकायची आणि गाडीवानाने बाजूने चालायचे, अशी अट होती. रात्री टोलनाक्यावर प्यायला पाणी मिळावे म्हणून लहानग्या भीमरावाने उर्दूत बोलून आपण मुसलमान असल्याचे सांगितले. तरीही पाणी मिळाले नाही. ही हकीकत त्यांनी स्वतः लिहून ठेवली आहे. आमच्या विद्यार्थ्यांनी ती अवश्य वाचावी. एका तहानलेल्या पोराला आपल्या समाजाचे नाव सांगावेसे वाटले आणि तेही कामी आले नाही, यातून दोन्ही बाजूंना शिकण्यासारखे पुष्कळ आहे.

त्याआधी आठ वर्षे, जून १८९३ मध्ये, दक्षिण आफ्रिकेत पीटरमारित्झबर्गच्या स्टेशनावर तरुण बॅरिस्टर गांधींना पहिल्या वर्गाच्या डब्यातून उतरवण्यात आले होते. त्यांना तिकडे बोलावणारी आणि ते तिकीट काढून देणारी पेढी दादा अब्दुल्ला या पोरबंदरकडील मुसलमान व्यापाऱ्यांची होती, हे पाठ्यपुस्तकात क्वचितच ठळकपणे येते.

आता मोटारीकडे वळू. स्वातंत्र्यापूर्वी आपल्या भागात टांगे, दमण्या आणि खासगी मोटारी चालत. हाकणारे, नाल ठोकणारे, पुढे मोटार दुरुस्त करणारे यांत आपल्या समाजातील माणसे पुष्कळ होती, आजही आहेत. १ जून १९४८ रोजी पुणे-अहमदनगर मार्गावर पहिली एसटी धावली. विदर्भ तेव्हा मध्य प्रांतात होता. १९५६ च्या राज्य पुनर्रचनेनंतर आपण मुंबई राज्यात आलो आणि १९६० नंतर महाराष्ट्र राज्याच्या एसटीचे प्रवासी झालो. नागपूरकडे तोंड असलेला वऱ्हाडी माणूस मुंबईकडे वळला तो भाषणांनी किती आणि लाल गाडीवरच्या पाटीने किती, हा विचार करण्याजोगा प्रश्न आहे.

एसटीच्या बाकांवरील अक्षरे वाचा. महिलांसाठी राखीव, अपंगांसाठी राखीव, स्वातंत्र्यसैनिकांसाठी, आमदारांसाठी राखीव. (आमदार त्या जागेवर बसलेले पाहिल्याचे सांगणारा मला अजून भेटावयाचा आहे.) परंतु धर्माच्या किंवा जातीच्या नावाने राखलेले बाक एकही नाही. अमेरिकेत माँटगोमेरी शहरात डिसेंबर १९५५ मध्ये रोझा पार्क्स या बाईंना गोऱ्या उतारूसाठी जागा सोडली नाही म्हणून अटक झाली आणि तेथील काळ्या लोकांनी वर्षभराहून अधिक काळ बसवर बहिष्कार घातला. तेव्हा आपल्याकडे वाहकाच्या मागचे बाक कोणालाही मोकळे होते, ही गोष्ट लहान समजू नये.

उर्साला मंगरूळपीरकडे आणि रामनवमीला पोहरादेवीकडे भाविकांना नेणारी गाडी हीच. रेल्वेचेही तसेच. वाशिमवरून मीटरगेजची मीनाक्षी एक्सप्रेस काचीगुड्याहून खांडव्यामार्गे अजमेरकडे जाई, तेव्हा एकाच डब्यात ख्वाजासाहेबांच्या दर्ग्याला निघालेले आणि ओंकारेश्वराला उतरणारे असत. २००८ मध्ये अकोला-पूर्णा मार्ग रुंद झाला, वेग वाढला. ती जुनी थेट गाडी मात्र गेली.

याचा अर्थ गाडीत सर्व गोडीगुलाबीच असते असे नाही. बुरखा पाहून कोणी शब्द टाकतो, दाढी पाहून कोणी सरकून बसतो. कोणताही बंद असो, पहिला दगड एसटीच्या काचेवर पडतो. आईबापांच्या मनातील भीती खोटी नाही. परंतु त्या भीतीवर उपाय म्हणून ज्याने त्याने आपल्या लोकांची जीप, आपल्या शाळेची व्हॅन केली, तर काय होते? मूल घरून निघते, आपल्यातच बसते, आपल्यातच उतरते. दुसऱ्या समाजाचा मुलगा त्याला प्रथम भेटतो तो थेट कॉलेजात, नाही तर नोकरीच्या मुलाखतीत. आमच्यासारख्या संस्थांनीही हे ध्यानात घ्यावे, असे मी या संस्थेच्याच स्मरणिकेत लिहितो आहे.

आणि मुलींचे तर सारे शिक्षणच या गाडीवर उभे आहे. अहिल्याबाई होळकर यांच्या नावाच्या योजनेत मुलींना बारावीपर्यंत शाळेसाठी एसटीचा पास मोफत मिळतो. मार्च २०२३ पासून सर्व महिलांना निम्मे भाडे आहे, त्यामुळे मुलीला पोहोचवायला आईही निघू शकते. सातवीनंतर मुलगी घरी का बसली, याचे उत्तर आपण नेहमी रिवाजात शोधतो. वेळापत्रकात शोधत नाही. २०२१ च्या ऑक्टोबरअखेर सुरू झालेला कर्मचाऱ्यांचा संप एप्रिल २०२२ पर्यंत लांबला. कर्मचाऱ्यांच्या पगाराची गाऱ्हाणी खरी होती. पण करोनानंतर शाळा नुकत्याच उघडल्या होत्या, आणि खेड्यातल्या मुलींना पाच-सहा महिने रस्ता असून गाडी नव्हती. भावाला मोटारसायकल मिळाली. बहिणीला कोण देणार?

आज शकुंतला बंद आहे. जिल्ह्यात एसटीची आगारे चार : वाशिम, कारंजा, मंगरूळपीर आणि रिसोड. गाडी सुरू ठेवावी, तिची वेळ शाळेच्या वेळेशी जुळवावी, मुक्कामी गाडी पुन्हा यावी, यासाठी अर्ज आगार व्यवस्थापकाकडे करावयाचा असतो. तेथे पहिला प्रश्न येतो तो उतारू किती, हा. त्याचे उत्तर शाळेच्या कार्यालयात आधीच लिहिलेले असते, कारण पासाच्या अर्जावर मुख्याध्यापकांची सही लागते. कोणत्या गावच्या किती मुली पासावर येतात, त्या यादीला ग्रामसभेचा ठराव जोडावा. ठरावावर गावातील सर्व आळ्यांच्या सह्या घ्याव्यात, कारण गाडी त्या सर्वांचीच आहे.