गोडं पाणी आणि बुजलेल्या वाटा

तेलाची विहीर म्हटलं की जमिनीखाली तेलाचं तळं आहे आणि त्यात नळी सोडली आहे असं वाटतं. तसं नसतं. तेल असतं दगडात, वालुकाश्माच्या कणांमधल्या सांदीत. या सांदींना जोडणाऱ्या वाटा इतक्या अरुंद, की आपला केसही त्यांत मावायचा नाही. त्या वाटांच्या भिंतींना चिकणमातीचे अतिसूक्ष्म कण चिकटलेले असतात. आजूबाजूचं पाणी खारं असेतोवर ते जागा सोडत नाहीत. तिथे गोडं पाणी शिरलं की सुटतात, वाहत जातात आणि पुढच्या चिंचोळ्या तोंडाशी अडकतात. तेल आत तसंच, वाट बंद!

खाऱ्या पाण्यापेक्षा गोड्या पाण्याला हा खडक कमी वाट देतो, हे जॉन्स्टन आणि बीसन यांनी 1945 मध्ये मोजून दाखवलं. दोष सहसा पाण्याने फुगणाऱ्या मातीला दिला जाई. 1965 मध्ये मुंगन यांनी दाखवलं की फुगणारी माती जवळजवळ नसलेला दगडही असाच बुजतो. म्हणजे माती फुगण्यापेक्षा तिचं जागेवरून हलणं महत्त्वाचं.

पुढचा धागा आपल्या पवईपर्यंत येतो. आयआयटी मुंबईत पुढे प्राध्यापक झालेले कार्तिक खिलार आणि मिशिगन विद्यापीठाचे फॉग्लर यांनी ओहायोतल्या बेरिया वालुकाश्मावर प्रयोग केले. मातीचा कण आणि वाळूचा कण, दोघांवर ऋण भार. म्हणून ते एकमेकांना दूर लोटतात. पाण्यातलं मीठ हे लोटणं दाबून धरतं. लिटरला साधारण 4 ग्रॅमच्या खाली मीठ गेलं की कण सुटू लागतात. (समुद्रात ते 35 ग्रॅमच्या आसपास असतं.) एकदम गोडं पाणी सोडलं तर खडकाची वाहकता शंभरातल्या एका भागाहूनही कमी उरे. प्रवाह उलटा फिरवला की वाट काही काळ मोकळी होई! आणि मीठ हळूहळू कमी केलं तर वाट बुजतच नसे. कण तेव्हाही सुटत, पण सगळे एकदम तोंडाशी गर्दी करत नसत. 1998 मध्ये या दोघांचं या विषयावरचं पुस्तक निघालं.

उपाय म्हणून कॅल्शियम, पोटॅशियमचे क्षार वापरले गेले, मातीला बांधून ठेवणारी रसायनंही आली. मग 2008 मध्ये डेन्व्हरच्या परिषदेत हुआंग आणि सहकाऱ्यांनी नॅनोकणांची युक्ती मांडली. खडकाला पाडलेल्या भेगा मिटू नयेत म्हणून त्यांत वाळूसारखे दाणे भरतात. त्या दाण्यांवर नॅनोकणांचा लेप द्यायचा. एका मिलिमीटरचे दहा लाख भाग केले तर एक भाग म्हणजे नॅनोमीटर. इतक्या बारीक कणांचा पृष्ठभाग वजनाच्या मानाने प्रचंड, त्यामुळे जवळून जाणारा मातीचा कण तिथेच धरला जातो. पुढे मॅग्नेशियम ऑक्साइडचे नॅनोकणही तपासले गेले. अर्थात, त्यांच्याच गुठळ्या झाल्या तर तेही वाट अडवणार.

मी कलाशाखेचा माणूस, यातली गणितं मला झेपत नाहीत. पण तो उलटा फिरवलेला प्रवाह मनातून जात नाही. दगड मेलेला नव्हता, तेलही संपलेलं नव्हतं. तोंडाशी चिमूटभर माती बसली होती, इतकंच. ‘आटली’ म्हणून सोडून दिलेल्या किती विहिरींच्या बाबतीत असंच झालं असेल, कोण जाणे.

असो.